तीनदा एंटर दाबलं, तरी दुसरा आरएल का चुकतो?

प्रश्न एका तरुण साइट इंजिनीअरचा आहे. नुकताच एचपी-१५सी हा कॅल्क्युलेटर घेतलाय (ह्यावर आधी दोन्ही आकडे टाकायचे, मग क्रियेची कळ), २०२३ साली निघालेली कलेक्टर्स आवृत्ती. लेव्हलिंगच्या, म्हणजे जमिनीच्या उंची मोजायच्या, हिशोबात एकच एचआय (दुर्बिणीच्या नजरेची उंची) दहा-पंधरा रीडिंगांना वापरावा लागतो; त्यातून पट्टीवरचं रीडिंग वजा केलं की त्या बिंदूची उंची, म्हणजे आरएल. एचआय दर वेळी टाकायचा कंटाळा. कोणीतरी सांगितलं की एचआय टाकून तीनदा एंटर दाब, आकडा स्टॅकमध्ये, म्हणजे यंत्राच्या आकडे रचून ठेवायच्या जागेत, भरून राहतो. त्यांनी १०१.४६५ टाकून तीनदा एंटर दाबलं, मग १.८२० आणि वजाबाकीची कळ. ९९.६४५ आलं, बरोबर. पुढचं रीडिंग २.१३५, पुन्हा वजाबाकी, तर आलं ९७.५१०. यायला हवं होतं ९९.३३०. शेवटी विचारलंय, "मशीन बिघडलंय का मी?"

दोघंही धडधाकट आहात. एक कळ राहिली, सीएलएक्स, म्हणजे समोर दिसणारा आकडा पुसायची कळ. १५सी वर डावीकडे बाण काढलेली कळ आहे ना, उत्तर दिसत असताना ती दाबली की तेच काम होतं. म्हणजे ९९.६४५ वहीत लिहा, बाण दाबा, स्क्रीनवर शून्य येईल, २.१३५ टाका, वजा. ९९.३३०. पुन्हा बाण, ०.९७५, वजा. १००.४९०. एचआय आत तसाच आहे, पन्नास रीडिंगं घेतलीत तरी संपणार नाही.

घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. पण ही कळ का लागते ते कळलं नाही तर आठवड्याभरात दुसऱ्या कुठल्यातरी हिशोबात पुन्हा अडकाल, म्हणून बसून सांगतो.

स्टॅक म्हणजे चार मजली चाळ समजा. तळमजल्यावर एक्स राहतो, आणि स्क्रीनवर तुम्हाला दिसतो तो नेहमी हाच. पहिल्या मजल्यावर वाय, दुसऱ्यावर झेड, सगळ्यात वर टी. नवीन आकडा नेहमी तळमजल्यावरच येतो, आणि आला की वरच्या सगळ्यांना एकेक मजला चढावं लागतं. टी मध्ये जो होता त्याला वर जागा नाही, तो गेला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, घात, ह्या दोन आकडे खाणाऱ्या कळा. तळमजला आणि पहिला मजला मिळून एक उत्तर तयार होतं, ते तळमजल्यावर राहतं, आणि पहिला मजला रिकामा झाल्यामुळे वरचे एकेक मजला खाली येतात. झेड वाय मध्ये येतो, टी झेड मध्ये येतो.

मग टी मध्ये काय उरतं? शून्य उरेल असं कोणालाही वाटेल. उरत नाही. टी मधला आकडा खाली आपली एक प्रत पाठवतो आणि स्वतः तिथेच बसून राहतो. मॅन्युअलमध्ये हे वाक्य सहज वाचून पुढे जाण्यासारखं दिलेलं असतं, पण तुमच्या प्रश्नाचा सगळा जीव त्यात आहे. टी मध्ये एकदा एचआय जाऊन बसला की प्रत्येक वजाबाकीनंतर एक नवा एचआय वरून खाली येतो. तुम्ही खर्च करताय, तो वरून पुरवतोय. एंटर तीनदा दाबायचं ते ह्याचसाठी. पहिल्या एंटरने आकडा वाय मध्ये, दुसऱ्याने झेड मध्ये, तिसऱ्याने टी मध्ये जातो. चारही मजल्यांवर तोच.

आता तुमचं काय चुकलं बघा. तिसऱ्या एंटरनंतर एक्स मध्ये १०१.४६५ होतं, तुम्ही १.८२० टाकलं. नवा भाडेकरू आला म्हणजे सगळे वर चढायला हवे होते, पण चढले नाहीत. १.८२० थेट एक्स वर लिहिलं गेलं, कारण एंटर दाबल्यावर पुढच्या एका आकड्यापुरती चढण बंद असते. म्हणून पहिलं उत्तर सरळ आलं. वजाबाकीनंतर मात्र चढण पुन्हा चालू होते. तुम्ही २.१३५ टाकल्याबरोबर ९९.६४५ पहिल्या मजल्यावर चढलं, एचआय त्याच्याही वर गेला, आणि वजाबाकी झाली ९९.६४५ मधून. सीएलएक्स नेमकं हेच थांबवतं. एक्स शून्य करतं आणि एंटरसारखीच पुढच्या आकड्यापुरती चढण बंद ठेवतं, त्यामुळे २.१३५ त्या शून्यावर बसतं आणि पहिल्या मजल्यावरचा एचआय जागचा हलत नाही. चढण बंद करणाऱ्या लक्षात ठेवायच्या कळा ह्या दोनच, एंटर आणि सीएलएक्स. सांख्यिकीसाठी आकडे भरायच्या सिग्माच्या कळाही तेच करतात, पण त्या ह्या कामात येत नाहीत.

डोळ्यांनी बघायचं असेल तर रोल-डाउनची कळ चारदा दाबा. एकेक मजला तळाशी येऊन तोंड दाखवतो आणि चौथ्या दाबाला सगळे आपापल्या जागी परततात. एचआय भरल्यावर मी हे अजूनही करतो. चारदा तोच आकडा दिसला की पेन उचलायचं.

चेंज पॉइंटला, म्हणजे दुर्बीण उचलून पुढे लावताना, तर मजाच आहे. समजा जुन्या जागेवरून शेवटचं रीडिंग, म्हणजे फोरसाइट, ०.६४० घेतलं आणि आरएल आला १००.८२५. दुर्बीण उचलली, पुढे लावली, त्याच बिंदूवर नव्या जागेवरून पहिलं रीडिंग, म्हणजे बॅकसाइट, १.२१०. इथे सीएलएक्स दाबायचं नाही. १००.८२५ समोर असताना सरळ १.२१० टाका, चढण चालू आहे, आरएल आपोआप वाय मध्ये जाईल. अधिक दाबा, १०२.०३५. हा नवा एचआय. त्यावर लगेच तीनदा एंटर. जुना एचआय चारही मजल्यांवरून पुसला गेला, नवा बसला. आरएल पुन्हा टाकला नाही, एचआय पुन्हा टाकला नाही. टाकलं ते फक्त स्टाफवर, म्हणजे उभ्या पट्टीवर, वाचलेलं. लेव्हल बुकात जे रीडिंग आहे तेवढंच मशीनमध्ये बोटाने जावं, बाकी सगळं मशीनने मशीनला द्यावं, अशी सवय लावून घ्या.

ही सवय मला आळसाने लागली नाही, एका उंचवट्याने लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वितरिकेची, म्हणजे छोट्या कालव्याची, लेव्हल घेत होतो. साधा कॅल्क्युलेटर, दर रीडिंगला एचआय नव्याने टाकायचा. तीस-चाळीस वेळा तोच आकडा टाकल्यावर बोटं आपल्या मनाने चालायला लागतात, तसं झालं. एके ठिकाणी १०१.४६५ च्या जागी १०१.६४५ गेलं. दोन आकड्यांची अदलाबदल, आरएल अठरा सेंटीमीटरने वर. संध्याकाळी तपासणी केली, बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, आणि शेवटचा आरएल वजा पहिला आरएल. दोन्ही तंतोतंत जुळले. मी निवांत जेवलो.

रात्री एल-सेक्शन, म्हणजे जमिनीचा लांबीचा छेद, काढताना चेनेज ४२० ला, म्हणजे सुरुवातीपासूनच्या त्या अंतरावर, जमीन एकदम वर आलेली. तिथे ज्वारीचं सपाट रान होतं, मी स्वतः त्यातून चालत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुर्बीण घेऊन तिथे गेलो आणि स्टाफ धरणाऱ्याचा चेहरा दिवसभर बघितला.

तपासणीत हे का सापडलं नाही? कारण एचआयच्या पद्धतीत ती बेरीज-वजाबाकीची तपासणी मधल्या रीडिंगांना, म्हणजे इंटरमीजिएट साइटना, हातच लावत नाही. ती फक्त चेंज पॉइंटची साखळी तपासते. मधल्या एका आरएलमध्ये वजाबाकी चुकली तर तपासणी तिकडे ढुंकूनही बघत नाही. आता हीच चूक स्टॅक वापरून करायची म्हटली तर बघा. एचआय एकदाच बोटाने टाकला आणि तोच चुकला, तर त्या मांडणीतले सगळेच आरएल अठरा सेंटीमीटरने चुकतात, फोरसाइटचाही चुकतो, पुढची सगळी साखळी सरकते, आणि संध्याकाळी तपासणी जुळत नाही. आणि चेंज पॉइंटला वर सांगितल्याप्रमाणे आरएल बोटाने टाकलाच नाही, तर उंचीचा आकडा टाकताना चुकायला फक्त पहिल्या टीबीएमला, म्हणजे सुरुवातीच्या माहीत उंचीच्या खुणेला, वाव राहतो. कळा वाचतात हा वरचा फायदा. खरा फायदा हा, की एचआयची चूक झालीच तर एकटीदुकटी लपून राहत नाही.

रीडिंग चुकून टाकलं तर? वजाबाकीची कळ दाबायच्या आधी लक्षात आलं तर बाण दाबून अंक खोडा. नंतर लक्षात आलं तरी काही बिघडलेलं नाही, सीएलएक्स आणि बरोबर रीडिंग. एचआय कुठे गेलेलाच नसतो. साध्या यंत्रावर इथेच लोक 'ऑल क्लिअर' मारून पहिल्यापासून सुरू करतात.

आता भागाकाराचा खोडा. स्टॅक भरायची युक्ती वजाबाकीत तुम्हाला लाभली, कारण एचआयमधून रीडिंग जातं आणि स्टॅक नेहमी वरच्यातून खालचा वजा करतो. पण जिथे ठरलेला आकडा भाजक आहे तिथे क्रम उलटा पडतो. जीएसटीसकट रक्कम दिलीय, मूळ रक्कम काढायची, म्हणजे १.१८ ने भागायचं. १.१८ भरून २८९१ टाकून भागिलं तर यंत्र १.१८ लाच २८९१ ने भागेल. भागायच्या आधी दर वेळी एक्स-वाय अदलाबदल करता येते, उत्तरं बरोबर येतात. पण त्याहून सरळ वाट लास्ट-एक्सची. १५सी वर ती एंटरच्या कळीवरच निळ्या अक्षरात आहे. दोन आकडे खाणारी कळ दाबली की तळमजल्यावर जो शेवटचा आकडा होता, तो यंत्र बाजूला जपून ठेवतं. २८९१ एंटर १.१८ भागिले, २४५०. बाजूला १.१८ जपलेलं आहे. पुढची रक्कम ४५७२.५० टाका, लास्ट-एक्स दाबा, भागा, ३८७५. बाजूला पुन्हा १.१८. सीएलएक्स नको, स्टॅक भरायलाही नको. १९७२ च्या एचपी-३५ मध्ये, म्हणजे ह्या घराण्याच्या पहिल्या खिशातल्या यंत्रात, ही कळ नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या एचपी-४५ मध्ये आली, आणि मग गेली नाही.

मात्र लास्ट-एक्सच्या मधे दुसरा कुठलाही हिशोब घुसला की जपलेला आकडा बदलतो. नुसतं वर्गमूळ काढलं तरी बदलतो. टी मधला आकडा त्या मानाने चिवट. वर्गमूळ, साइन, लॉग ह्या एकाच आकड्यावर चालणाऱ्या कळा एक्सशिवाय कोणाला हात लावत नाहीत. एकच रक्कम मधेच तपासायची असेल तर टी बरा, नुसती रांग भागायची असेल तर लास्ट-एक्स.

सीएलएक्स कधी आणि कधी नाही, हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं. ठेवीचं उदाहरण घ्या. एक लाख रुपये, वर्षाला ७ टक्के, चक्रवाढ. १.०७ टाकून तीनदा एंटर, १००००० टाका, आणि आता नुसती गुणाकाराची कळ दाबत बसा. १०७०००, ११४४९०, १२२५०४.३०, १३१०७९.६०, १४०२५५.१७. पाच दाब, पाच वर्षं. इथे मधे सीएलएक्स नाही, कारण आलेलं उत्तरच पुढच्या फेरीत जायचं आहे. लेव्हलिंगमध्ये उत्तराचं काम वहीत लिहिल्यावर संपतं, म्हणून ते पुसायचं. उत्तर पुढे लागणार आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा.

आणि आता ज्यासाठी मी हे यंत्र इतकी वर्षं सोडलं नाही, ते. तुम्ही सिव्हिलचे, म्हणून कालव्याचंच सांगतो. आयताकृती काटछेद, तळाची रुंदी ३ मीटर, विसर्ग ४.५ घनमीटर दर सेकंदाला, मॅनिंगचा एन (खडबडीतपणाचा आकडा) ०.०१८, उतार २५०० ला १. पाण्याची खोली किती? मॅनिंगच्या सूत्रातून खोली सरळ सुटत नाही, कारण ती क्षेत्रफळातही आहे आणि ओल्या परिमितीतही. पण सूत्र थोडं फिरवलं की असं होतं: विसर्ग गुणिले एन भागिले उताराचं वर्गमूळ, त्याचा ०.६ वा घात, भागिले रुंदी. हा झाला एक ठरलेला आकडा, त्याला सी म्हणू. मग खोली = सी × (रुंदी + खोलीची दुप्पट) चा ०.४ वा घात. उजवीकडे अंदाजाची खोली घाला, डावीकडे सुधारलेली मिळते. ती पुन्हा उजवीकडे घाला. आकडा हलायचा थांबला की तीच खोली.

कळा बघा. उताराचं वर्गमूळ ०.०२, म्हणून ४.५ × ०.०१८ ÷ ०.०२ = ४.०५. हे समोर असताना ०.६ टाका, घाताची कळ, मग ३ टाकून भागा. ०.७७१५ दिसेल. खरं तर यंत्रात पुढचे अंकही आहेत, ते कागदावर उतरवायचे नाहीत आणि परत टाकायचेही नाहीत. तिथेच तीनदा एंटर. आता अंदाजाची खोली टाका, १.

फेरी अशी: २ ×, ३ +, ०.४ आणि घाताची कळ, मग नुसतं ×.

चाळीत काय चाललंय ते एकदा सावकाश बघू. अंदाज १ तळमजल्यावर, वर तीनही मजल्यांवर सी. २ टाकला, १ पहिल्या मजल्यावर चढला, सी वरच्या दोन मजल्यांवर. गुणलं, उत्तर २ तळाशी, टी ने प्रत खाली पाठवली, वर पुन्हा तीन सी. ३ मिळवलं, ५, वर तीन सी. ०.४ चा घात, १.९०३७, वर तीन सी. आता नुसतं गुणलं की पहिल्या मजल्यावरचा सी गुणला जातो: १.४६८७. आणि वर पुन्हा तीन सी, पुढच्या फेरीला तयार. तीच फेरी पुन्हा मारली की १.५७३२, मग १.५९५२, १.५९९७, १.६००६, १.६००८, १.६००९. नकाशावर १.६० लिहायचं. सुरुवातीचा अंदाज १ च्या जागी ३ धरलात तरी तिथेच येऊन थांबेल, करून बघा. अंदाज जास्त धरला तर आकडे वरून खाली येतात, एवढाच फरक.

बहुपदीच्या किमतीही ह्याच तऱ्हेने निघतात. २क्ष³ − ५क्ष² + ४क्ष − ७ आणि क्ष = ३.२ असेल तर कंसात कंस घालून लिहायचं, ((२क्ष − ५)क्ष + ४)क्ष − ७. ३.२ ने स्टॅक भरा, मग २ × ५ − × ४ + × ७ −. उत्तर २०.१३६. ३.२ एकदाच टाकलंय, घाताची कळ एकदाही लागली नाही.

मर्यादा कुठे आहे तेही सांगायला हवं. चार मजल्यांपैकी टी ठरलेल्या आकड्याला दिला, तर हिशोबाला तीन उरतात. चालू उत्तर आणि त्यात मिसळायचा एक आकडा, हे दोन मजले. मिसळायचा आकडा स्वतःच दोन आकड्यांचा हिशोब असेल, समजा १.२५ × ३.४, तर तीन मजले. इथपर्यंत ठीक. त्या छोट्या हिशोबात तिसरा आकडा अडकून राहिला तर टी मधला सी वरून बाहेर पडला, आणि यंत्र तुम्हाला काहीही सांगणार नाही. लाल दिवा नाही, चूक दाखवणारी पाटी नाही, फक्त उत्तर चुकीचं. म्हणून आतल्या कंसापासून बाहेर यायचं, आकडे आले की लगेच संपवत जायचं, वर रचत ठेवायचे नाहीत.

ठरलेले आकडे दोन असतील तर स्टॅकचा नाद सोडा. एक टी मध्ये, एक लास्ट-एक्समध्ये असा डोंबाऱ्याचा खेळ करणारे लोक मी पाहिलेत, मीही केलाय, आणि त्यात वाचलेला वेळ पुन्हा तपासण्यात गेलाय. एसटीओ १ करा, म्हणजे आकडा १ नंबरच्या कप्प्यात साठवा, लागेल तेव्हा आरसीएल १ ने परत आणा. साइटवर फोन येतो, ठेकेदार येऊन सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब विचारतो, तुम्ही हातातल्याच यंत्रावर तो करून दाखवता आणि स्टॅकची वाट लागते. त्यामुळे एचआयसुद्धा मी स्टॅक भरायच्या आधी एसटीओ १ मध्ये टाकून ठेवतो. गोण्यांचा हिशोब संपला की आरसीएल १ आणि तीनदा एंटर. यंत्र आपोआप बंद झालं तर मात्र घाबरू नका, १५सी बंद होताना स्टॅक विसरत नाही.

सगळ्या यंत्रांवर हे चालत नाही. १२सी, १५सी, ४१सी, ४२एस ही चार मजल्यांची घराणी, तिथे चालतं. १९८७ च्या २८सी पासून पुढे ४८ आणि ५०जी मध्ये एचपीने स्टॅक अमर्याद केला, आणि त्यात टी हा मजलाच उरला नाही. वरचा मजला नाही, म्हणून प्रत पाठवणाराही कोणी नाही. तीनदा एंटर दाबलं तर तीनच प्रती होतात, त्या खर्च झाल्या की संपलं. तिथे आकड्याला नाव देऊन ठेवायचं. ४८ वाले मित्र आपल्या स्टॅकची खोली सांगून चिडवतात. चिडवू देत, मला लेव्हल बुक भरायला तीनच मजले लागतात. फोनवर फुकटात सराव करायचा असेल तर फ्री४२ घ्या, ते ४२एस चं हुबेहूब रूप आहे. त्यात मोठ्या स्टॅकची सोय पुढे आली आहे. ती चालू असेल तर वरची युक्ती फसेल, चार मजल्यांवर परत आणून ठेवा.

ज्यांच्याकडे कॅसिओ आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांकडे एफएक्स-९९१एमएस किंवा तिची भावंडं असतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या यंत्रातही स्टॅक आहे, पण तो तुमच्या हातात नाही. कंस आणि गुणाकार-बेरजेचा अग्रक्रम सांभाळताना यंत्र आकडे आणि क्रिया आतल्या आत रचून ठेवतं. आकड्यांना १० पातळ्या, क्रियांना २४. कंसात कंस फार झाले की 'स्टॅक एरर' येते ती ह्याची. तिथे ठरलेला आकडा ए मध्ये साठवा आणि 'ए − १.८२०' अशी वजाबाकी करा, मग मागे जाऊन फक्त रीडिंग बदला. चक्रवाढ मात्र तिथेही छान होते. १००००० बरोबर, मग × १.०७ बरोबर, बरोबर, बरोबर. प्रत्येक 'बरोबर'ला मागच्या उत्तरावरच हिशोब फिरतो. कालव्याची खोलीही ह्याच रीतीने, सूत्रात 'आन्स' घालून. मी तिथे काही कमी लेखत नाही. फक्त लेव्हलिंगला उन्हात उभं राहून एका हाताने करायचं असतं, तेव्हा मला चाळच बरी वाटते.

तुमच्याकडे १५सी आहेच, तर शेवटची गंमत. कालव्याची ती फेरी हातानेही दर वेळी मारायला नको. प्रोग्रॅम मोडमध्ये जा, लेबल ए, त्याखाली जशाच्या तशा त्याच कळा, २ × ३ + ०.४ घात ×, आणि शेवटी आरटीएन (प्रोग्रॅम संपल्याची खूण). बाहेर या. सी काढा, तीनदा एंटर, अंदाज १, मग ए. प्रत्येक ए ला खोलीचा पुढचा आकडा. प्रोग्रॅममध्ये सी कुठेच लिहिलेला नाही, तो टी मध्ये बसून दर फेरीला आपली प्रत खाली पाठवतोय. विसर्ग बदलला की फक्त सी बदला. तळाची रुंदी बदलली तर सी सोबत प्रोग्रॅममधला ३ही बदलायचा, हे मी एकदा विसरलो होतो आणि अर्धा दिवस खोली एवढी कमी का येतेय ते शोधत बसलो होतो.